अलायन्स करार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अलायन्स करारात प्रकल्पाचा मालक, आराखडाकार आणि कंत्राटदार एकच गट म्हणून काम करतात. ठरवलेल्या लक्ष्य खर्चापेक्षा खर्च वाढला तर तोटा आणि वाचला तर नफा, दोन्ही सगळे मिळून वाटून घेतात. बीपी कंपनीच्या उत्तर समुद्रातील अँड्र्यू तेलक्षेत्रात १९९०च्या दशकात ही पद्धत गाजली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने ती शहरी कामांत रुजवली.

सार्वजनिक-खासगी भागीदारीशी (पीपीपी) तिची गल्लत नेहमी होते. पीपीपीत खासगी कंपनी स्वतःचे पैसे घालून ते सहसा तिकिटातून किंवा टोलमधून वसूल करते. मुंबईची घाटकोपर-वर्सोवा मेट्रो तशी उभी राहिली. अलायन्समध्ये पैसा मालकाचाच, म्हणजे सरकारी कामांत सरकारी तिजोरीतलाच असतो.

दुसरा समज अधिक पक्का आहे : एकत्र काम म्हटले की स्पर्धा संपली आणि कंत्राटदाराला मोकळे रान मिळाले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराचा अनुभव वेगळा आहे. २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात तेथे १८५ माणसे गेली आणि जमिनीखालच्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्या जागोजागी फुटल्या. नेमके नुकसान किती, हे आधी कळणार नव्हते, मग निविदेत दर भरायचे कशाचे? महापालिका, सरकारी संस्था आणि पाच कंत्राटदारांनी मिळून ‘एससीआयआरटी’ ही अलायन्स उभारली. कामांचा लक्ष्य खर्च स्वतंत्र तज्ज्ञ तपासत. खर्च, सुरक्षितता आणि दर्जा यांत ज्याची कामगिरी सरस, त्याला पुढच्या कामांत मोठा वाटा. नफातोटा मात्र पाचही जणांचा एकत्र मोजला जाई. साहजिकच कामासाठी चुरस असली, तरी शेजाऱ्याचे काम अडले तर झळ आपल्यालाही बसणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

‘सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. अशा करारांत जाणूनबुजून केलेली कसूर वगळता एकमेकांवर दावे लावायचे नाहीत, अशी अट सहसा असते. वचक राहतो तो नफ्याला लागणाऱ्या कात्रीचा.

बांधकाम वेळेत झाले म्हणजे प्रकल्प सुरळीत चालेल, असेही नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे टर्मिनल ५ अशाच सहकार्याच्या, जोखीम मालकाने पेललेल्या कराराखाली वेळेत व अंदाजपत्रकात पुरे झाले. २७ मार्च २००८ला ते उघडले आणि सामान-व्यवस्था कोलमडली.

ही पद्धत सरसकट कामांना लागूही पडत नाही. आराखडा पक्का आणि जमीन ओळखीची असेल, तर साधी निविदाच स्वस्त पडते. शिवाय मालकाकडे स्वतःचे जाणते अभियंते लागतात. क्राइस्टचर्चमध्येही महालेखापरीक्षकांनी २०१३च्या अहवालात अलायन्सच्या रचनेला बरे म्हटले. कमतरता दाखवली ती सरकारी संस्थांच्या देखरेखीतली.