नातवाचा ज्युदोचा खूग आणि विम्याचे कागद

१९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये याएल आरादने ज्युदोत रौप्यपदक मिळवले आणि दुसऱ्याच दिवशी ओरेन स्मादजाने कांस्य. इस्राएलची ही पहिलीच ऑलिम्पिक पदके. आज गावोगावच्या मतनासमध्ये ज्युदो, कराटे, क्राव मागा यांचे खूग असतात आणि आईबाप कामावर असल्यामुळे मुलांना नेणे-आणणे बहुधा आपल्याकडेच येते. कोपर मोडले, दात पडला, तर पैसे कोण देणार, हे आजी-आजोबांनाही ठाऊक असलेले बरे.

विमे मुख्यतः दोन जातींचे. पहिला ‘तेउनोत इशियोत’, म्हणजे वैयक्तिक अपघाताचा. यात चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. अपघात झाला, इजा पोलिसात बसली, की पैसे मिळतात. शाळकरी मुलांचा असा विमा नगरपालिका उतरवते आणि त्याचे थोडे शेकेल वर्षारंभी पालकांकडून घेतले जातात. तो चोवीस तास चालतो, शाळेबाहेर आणि सुट्टीतसुद्धा. रस्त्यावरचा मोटार अपघात मात्र त्यात येत नाही, त्याचा कायदा वेगळा. पुष्कळ घरांत हा विमा आहे हेच कोणाला आठवत नाही, म्हणून मागणीच केली जात नाही. कुपात खोलिमचे आणि क्ष-किरणाचे कागद त्याच दिवसापासून एका पाकिटात ठेवावेत. स्पर्धांची गोष्ट निराळी: १९८८ च्या क्रीडा कायद्याप्रमाणे स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनेच खेळाडूंचा विमा उतरवायचा असतो.

दुसरी जात जबाबदारीच्या विम्याची. ‘त्सद गिमेल’ हा तिसऱ्या माणसाला झालेल्या नुकसानीचा. ‘अखरायुत मिकत्सोईत’ हा शिक्षकाच्या धंद्यातील चुकीचा. जमिनीवरची गादी सरकलेली होती, तर पहिला. मोठ्या मुलाची जोडी लहान मुलाशी लावली, तर दुसरा. येथे शिक्षकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, म्हणून प्रकरण लांबते. पण भरपाई मोठी असू शकते.

नाव घालताना एक कागद पुढे येतो: ‘इजा झाल्यास शिक्षक जबाबदार नाही.’ ही सही आईबापांनीच करावी, आपण करू नये. मात्र सही झाली म्हणून सगळे दरवाजे बंद झाले असे नाही. १९८२ च्या छापील करारांच्या कायद्याखाली अशी अट रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. त्याच कागदावर तब्येतीचे प्रश्न असतात. दमा, फिट, जुने मोडलेले हाड लपवू नये. त्यात नुकसान मुलाचेच.

आता दुसरी बाजू. नातू सैन्यातून सुटतो, शिकूनच्या मिकलातमध्ये क्राव मागाचा वर्ग काढायचा म्हणतो आणि आजीकडे गाद्यांसाठी पैसे मागतो. द्यावेत, पण आधी चार गोष्टी विचाराव्यात. शिक्षकाचे प्रमाणपत्र आहे काय? क्रीडा कायद्याने ते लागते. सैन्यात शिकलो एवढे पुरत नाही. मिकलात वापरण्याची परवानगी आहे काय आणि पोलिसावर तोच पत्ता आहे काय? पोलिसात ‘क्राव मागा’ हे नाव आणि जोडीने लढण्याचा सराव स्पष्ट लिहिला आहे काय? नुसते ‘व्यायामवर्ग’ लिहिले असले, तर कंपनी वाद घालू शकते. आणि बितुआख लेउमीत स्वतंत्र धंदेवाईक म्हणून त्याची नोंद आहे काय? नोंद असेल, तर स्वतःचा गुडघा मोडल्यावर ९१ दिवसांपर्यंत इजाभत्ता मिळू शकतो. ‘शाखोर’ कमाईवर काहीच नाही. मदतनीस ठेवला तर ‘खावूत माआविदीम’ हा मालकाचा विमाही हवा.

सगळ्यांत जास्त घोटाळा मुदतीचा होतो. नुकसानभरपाईचा दावा साधारण सात वर्षांत करता येतो, पण अज्ञान मुलाची सात वर्षे तो अठरा वर्षांचा झाल्यावर मोजतात. म्हणजे आज दहा वर्षांचे असलेले मूल पंचविसाव्या वर्षापर्यंत दावा आणू शकते! त्सद गिमेलमध्ये बहुधा अपघाताच्या दिवशी चालू असलेली पोलिसा कामी येते. अखरायुत मिकत्सोईतमध्ये बहुधा दावा येईल त्या दिवशी चालू असलेली. म्हणून वर्ग बंद केला म्हणून तो विमा त्याच दिवशी तोडू नये. एजंटाकडे ‘तकुफत गिलुई’, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीची जादा मुदत, मागावी. जुन्या पोलिसा रद्दीत घालू नयेत.

आणि आपण स्वतः मतनासच्या ताई-चीला जातो त्याचे काय? नातवाचा शाळेचा विमा आपल्याला लागू नाही. औषधोपचार कुपात खोलिम करील, पण खाजगी तेउनोत इशियोत विमा घेतला असेल तर त्यातली वयाची अट आजच वाचून घ्यावी; अक्षरे बारीक असली, तर नातवाकडून.