राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा : नोकरी गेल्यावरचा भत्ता, पीएफ आणि टॅक्स

"उद्यापासून येऊ नकोस. राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करून टाकतो." तळोज्याचा कारखाना असो की भिवंडीचं गोदाम, हे वाक्य आपल्यातल्या बऱ्याच घरांनी ऐकलंय. घरभाडं थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही, म्हणून माणूस सही करून मोकळा होतो. पण मालकाने काढलं असताना "मी स्वखुशीने सोडतो" असं लिहून दिलं, तर तीन ठिकाणी नुकसान होऊ शकतं.

१. ईएसआयचा बेकारी भत्ता. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआय कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तुमच्यासाठी आहे. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के रक्कम मिळायची, कोविडच्या काळात ती ५० टक्के केली गेली. समजा रोज ६०० रुपये पडत होता, तर ५० टक्क्यांनी दिवसाला ३०० प्रमाणे ९० दिवसांचे २७ हजार होतात. आयुष्यात एकूण ९० दिवसच मिळतात. वाढीव दराची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून चालू दर ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.

अट अशी की नोकरी किमान दोन वर्षं झालेली हवी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की ईएसआयच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. आधार आणि बँक पासबुक तयार ठेवा, पैसे थेट खात्यात येतात. मात्र स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला किंवा गैरवर्तनामुळे काढलेल्याला हा भत्ता नाही.

कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली आणि ठरलेल्या मुदतीची वर्गणी भरलेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिथे भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो.

२. कपातीची भरपाई. कामगाराला कपात म्हणून कमी केलं तर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कायद्याप्रमाणे बसणाऱ्या या रकमेवर ५ लाखांपर्यंत टॅक्स नाही. राजीनामा दिला की ही भरपाईच उरत नाही.

३. पीएफवरचा टॅक्स. सलग पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढला आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल, तर १० टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेलं नसेल तर २० टक्के. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षंही धरली जातात. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं : धंदा बंद झाला, कमी झाला किंवा कामगाराच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली, तर पाच वर्षांच्या आतला पीएफही करमुक्त असतो. पण हे दाखवायला कागद लागतो, आणि राजीनामा नेमकं उलटं सांगतो.

टीडीएस कापला गेलाच, तर "आपल्याला कुठे टॅक्स लागतो" म्हणून गप्प बसू नका. वर्षाचं उत्पन्न मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरा, कापलेले पैसे परत मिळतात.

मग करायचं काय? राजीनाम्याऐवजी कामावरून कमी केल्याचं पत्र मागा, त्यावर तारीख आणि कारण असू द्या. पगाराच्या स्लिपा, ईएसआय नंबर आणि यूएएन घरच्यांनाही माहीत असू द्या. जबरदस्तीने सही घेतली असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात लगेच लेखी तक्रार द्या. जितका उशीर, तितकं सिद्ध करणं अवघड.

हिशेब दोन दिवस उशिरा मिळाला तरी चालेल. एकदा केलेली सही मागे घेणं सोपं नसतं.