हलकी क्रँक पुली काउंटरवर ठेवायची का?

स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात हा प्रश्न येतोच: "दादा, ती रंगीत अॅल्युमिनियमची क्रँक पुली टाकली तर इंजिनला काही होतं का?" लगेच हो-नाही म्हणू नका. आधी विचारा, गाडीत आत्ता कुठली पुली आहे?

बऱ्याच गाड्यांत कंपनीची पुली दोन तुकड्यांची असते. मधला हब, बाहेरची जड रिंग आणि दोघांच्या मध्ये रबर. ते रबर शोभेला नाही. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला पीळ बसतो आणि तो परत सुटतो. ठरावीक आरपीएमला हे हेलकावे एकमेकांत मिळून वाढत जातात. रबर आणि जड रिंग ते मारतात. म्हणून तिला डॅम्पर म्हणतात.

हलकी पुली विकणारा सांगतो, "इंजिन आतूनच बॅलन्स केलेलं आहे, काळजी नको." ऐकायला बरोबर वाटतं. पण बॅलन्स वेगळा आणि पीळ वेगळा! क्रँक कितीही बॅलन्स असला तरी पिळतोच. डॅम्पर काढला की तो मार क्रँक, बेअरिंग आणि टायमिंगच्या भागांवर जातो. लगेच काही दिसत नाही, हीच खरी गोची आहे. इनलाइन सहा सिलिंडरचा क्रँक लांब, डिझेलचा धक्का मोठा, तिथे तर माझं सरळ नाही. काही छोट्या इंजिनांना कंपनीचीच पुली साधी, बिनरबराची असते. तिथे त्याच मापाची चांगली पुली चालते. व्यास मात्र बघा, लहान असेल तर आयडलला अल्टरनेटर आणि एसी ढिले पडतात.

आणि रबरवाली आफ्टरमार्केट पुली? चांगल्या मेकची असेल तर बिनधास्त विका. उलट जुनी, रबर फुटलेली, बाहेरची रिंग डुगडुगणारी पुली तशीच ठेवणं जास्त धोक्याचं.

आता धंद्याचं बोलू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष मालाची जबाबदारी ठरावीक परिस्थितीत विक्रेत्यावरही येते. उत्पादकाने न दिलेली हमी आपण स्वतः दिली, ही त्यातलीच एक. म्हणजे "काही होत नाही, माझी गॅरंटी" हे वाक्य काउंटरवर फार महाग आहे. मार्जिन जास्त म्हणून डॅम्परच्या जागी हलकी पुली मी विकत नाही. गिऱ्हाईक रेससाठीच मागत असेल, तर बिलावर लिहा: "रबर डॅम्पर नाही, ग्राहकाच्या मागणीवरून." खाली त्याची सही घ्या.