चंद्र अधिक सूर्य, चंद्र उणे सूर्य

रेवसच्या धक्क्यावर करंजाकडे तोंड करून उभं राहिलं, की डावीकडे मुंबईचं बंदर पसरलेलं दिसतं आणि उजवीकडे धरमतरची खाडी आत आत शिरत जाते. या खाडीत पाणी दिवसातून दोनदा आत धावतं आणि दोनदा बाहेर. डोळवीच्या पोलाद कारखान्याचा कोळसा आणि खनिज घेऊन बार्ज याच वाटेनं आत जातात. भरती सोबत असली की डिझेल वाचतं, हे होडीवाल्याला शिकवावं लागत नाही.

समजा, एक होडी भरतीबरोबर खाडीत निघाली. मोबाईलवर वेग पाहिला : ताशी १३ किलोमीटर. (हे आकडे मी बनवलेत, पण अगदीच अशक्य नाहीत.) आता सांगा, यातला इंजिनाचा वेग किती आणि पाण्याचा किती?

मोबाईल ते सांगणार नाही. त्याला फक्त बेरीज दिसते. होडीच्या वेगाला ‘हो’ म्हणू आणि पाण्याच्या वेगाला ‘पा’.

हो + पा = १३

१० आणि ३ चालतील. ९ आणि ४ चालतील. १२ आणि १ सुद्धा. साडेअकरा आणि दीड म्हणालात तरी कोणी तुम्हाला खोटं ठरवू शकत नाही. आलेख काढलात तर या सगळ्या जोड्या एका सरळ रेषेवर ओळीनं बसतात, आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणतो, “मीच खरा!”

अज्ञात राशीला अक्षर देण्याची ही युक्ती फार जुनी आहे. भास्कराचार्य आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देतात आणि समीकरणात नुसतं या, का, नी, पी लिहितात. म्हणजे काळा, निळा, पिवळा! दहावीच्या पुस्तकातल्या x आणि y पेक्षा मला हे रंग जास्त आवडतात.

असो. होडी तितकंच इंजिन ठेवून भरतीच्या उलट वळवली. आता मोबाईल म्हणतो ७.

हो − पा = ७

दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा. एकात पा मिळवलाय, दुसऱ्यात वजा केलाय, त्यामुळे तो उडून जातो. उरतं २ हो = २०. होडी १०, पाणी ३. आलेखावर दोन रेषा एकमेकींना एकाच बिंदूत छेदतात, आणि बाकीच्या सगळ्या ‘मीच खरा’ वाल्यांची तोंडं बंद होतात.

मग कोणतीही दुसरी फेरी चालेल का? बघू. होडी पुन्हा भरतीबरोबरच नेली, दोन तास चालवली आणि २६ किलोमीटर कापले. समीकरण आलं २ हो + २ पा = २६. दिसायला नवं, पण दोननं भागा : जुनंच निघालं! दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, नवी माहिती शून्य. आणि दुसऱ्यांदा वेग १३ ऐवजी १४ आला असता तर? हो + पा एकाच वेळी १३ आणि १४ कसं होईल? आलेखात दोन समांतर रेषा येतात, त्या कधीच भेटत नाहीत. अशा वेळी गणित आपल्याला बजावत असतं, की मधल्या वेळात काहीतरी बदललं. बहुतेक पाणीच. भरतीच्या मध्याला ते जोरात धावतं आणि पूर्ण भरतीला जवळजवळ थांबतं. म्हणून दोन्ही मोजण्या लागोपाठ करायच्या.

आता होडी बाजूला ठेवू आणि त्या पाण्याकडेच वळू. भरती आणतो चंद्र, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण सूर्यही आणतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघं एकाच ओळीत ओढतात आणि त्यांच्या भरत्या एकावर एक चढतात. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात : चंद्राच्या भरतीच्या वेळी सूर्याची ओहोटी. ती भांगाची भरती. म्हणजे एकदा बेरीज आणि एकदा वजाबाकी. ओळखीचं वाटतंय ना?

मुंबई बंदरात उधाणाला पाणी सरासरी ४.४२ मीटरपर्यंत चढतं आणि ०.७६ पर्यंत उतरतं. फरक ३.६६ मीटर. भांगाला ३.३० आणि १.८६, फरक १.४४. रेवस त्याच बंदराच्या दक्षिणेला आहे, तेव्हा हे आकडे घ्यायला हरकत नाही.

च + सू = ३.६६
च − सू = १.४४

बेरीज करा : २ च = ५.१०. चंद्राचा वाटा २.५५ मीटर, सूर्याचा १.११. चंद्र सूर्याच्या जवळपास २.३ पट! खगोलशास्त्रज्ञ वजनं आणि अंतरं घेऊन हिशेब करतात तेव्हा त्यांचं उत्तर येतं सुमारे २.२. आणि आपण तर आकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

हीच जोडी न्यूटननं मांडली होती. त्याला चंद्राचं वजन काढायचं होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ एव्हन नदीच्या मुखाशी उधाणाला पाणी ४५ फूट चढतं आणि भांगाला २५ फूट, अशी नोंद त्याला मिळाली. त्यात काही दुरुस्त्या करून ‘प्रिन्सिपिया’च्या शेवटच्या आवृत्तीत त्यानं उत्तर काढलं सुमारे साडेचार पट. म्हणजे दुप्पट चुकलं! रीत बरोबर होती. घोळ आकड्यांत आणि दुरुस्त्यांत होता. पण लगेच कॉलर ताठ करू नका. प्रत्येक किनाऱ्याचा आकार पाण्याला आपापल्या परीनं फुगवतो, त्यामुळे आपलं उत्तर इतकं जवळ आलं यात थोडं नशीबही आहे.

खरं तर दोन अज्ञातांवर भागत नाही. चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो, कधी उत्तरेला सरकतो, कधी दक्षिणेला. त्या प्रत्येक हालचालीची एक छोटी भरती धरतात. अशा ३७ भरत्या धरल्या तर प्रत्येकीची उंची आणि वेळ मिळून ७४ अज्ञात, आणि सरासरी पातळी धरून ७५. समीकरणं कुठून आणायची? मुंबईत अपोलो बंदराच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. दर तासाची एक नोंद घेतली तरी वर्षाची ८,७६० समीकरणं होतात! वारा आणि पाऊस लुडबुड करतात, त्यामुळे ती सगळी एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मग सर्वांत कमी चूक राहील असं उत्तर शोधतात, आणि ते शोधताना शेवटी ७५ अज्ञातांची ७५ समीकरणं उरतात. संगणक तेच करतो जे आपण होडीसाठी केलं : एकेक अज्ञात उडवत जातो. संगणक नव्हते तेव्हा भारतातल्या बंदरांचे तक्ते काढण्यासाठी १८७९ मध्ये लंडनला चाकं आणि कप्प्यांचं एक खास यंत्र बनवलं गेलं. प्रत्येक चाक एका भरतीचं. सगळ्या चाकांवरून गेलेली एकच दोरी त्यांची बेरीज करायची.

किनाऱ्यावरच्या माणसांचं यंत्र मात्र डोक्यात असतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आता हे तुम्ही तपासा. वेळ = म × तिथी + क असं मानू. ‘म’ आणि ‘क’ दोन्ही अज्ञात. वर्तमानपत्रातून किंवा भरतीच्या तक्त्यातून द्वितीया आणि दशमी अशा दोन दिवसांच्या दुपारनंतरच्या पूर्ण भरतीच्या वेळा उतरवून घ्या, दोन समीकरणं मांडा आणि सोडवा. ‘म’ पाऊण येतो की थोडा जास्त? पंधराची पाऊणपट होते सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रतिपदेला येतात पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी! पाऊणऐवजी चार पंचमांश घेतले तर पंधराचे बरोबर बारा होतात. पण होडीत बसून चार पंचमांश कोण करणार?