सरकारी 'एआय'च्या नोकऱ्या : दरवाजे दोन, नियम वेगवेगळे

मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअर झाली, मुलगा डेटा सायन्स शिकतोय, आणि घरातल्या मोठ्यांचा एकच प्रश्न असतो, "यात सरकारी काही आहे का?" आहे. पण सरकार तंत्रज्ञ कसे नेमतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिला दरवाजा कायम भरतीचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, 1976 पासून सरकारी खात्यांची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळतं. 2020 मध्ये तिथे 495 जागा निघाल्या, 2023 मध्ये 598. पण अशी मोठी जाहिरात दरवर्षी येत नाही. खुल्या गटाला वयाची अट साधारण 30 वर्षं, ओबीसींना तीन वर्षं सवलत. वाट बघता बघता वय निघून जातं. शिवाय परीक्षा 120 वस्तुनिष्ठ प्रश्नांची. पर्यायावर खूण करणारा उमेदवार प्रत्यक्षात कोड लिहू शकतो का, हे त्यातून कसं कळणार? अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये कायदाच केला, की सरकारी भरतीत कामाचं कौशल्य तपासणाऱ्या चाचण्यांवर भर द्यावा. आपल्याकडेही हे व्हायला हवं. लहान गावातल्या कॉलेजातल्या, पण हातात काम असलेल्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त फायदा होईल.

दुसरा दरवाजा कंत्राटाचा. मार्च 2024 मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशनला सुमारे 10,372 कोटी रुपये मंजूर केले. अशा योजनांत माणसं बऱ्याचदा करारावर किंवा सल्लागार म्हणून घेतली जातात. भरती लवकर होते, हे खरं. पण आरक्षणाचं काय? नियम सांगतो की 45 दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. सल्लागार आणि एजन्सीमार्फत आलेली माणसं मात्र या चौकटीबाहेर राहतात. ऑगस्ट 2024 मध्ये यूपीएससीने लॅटरल एन्ट्रीच्या 45 जागांची जाहिरात काढली, त्यात आरक्षण नव्हतं. ओरड झाली आणि तीनच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. तज्ज्ञ हवेत याबद्दल आमचा वाद नाही, पण घाईच्या नावाखाली ओबीसी मुस्लिमांचा हिस्सा गळता कामा नये.

हा प्रश्न फक्त पगाराचा नाही. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' नावाची एआय कंपनी काढली. अशी यंत्रणा कोणाला संशयित ठरवते, कुठे चुकते, हे विचारायला सरकारच्या आत जाणकार माणसं हवीत. सगळं बाहेरच्या कंपनीवर सोडलं, तर तपासणार कोण? आणि तपासणाऱ्यांत सगळ्या समाजांतली पोरं असली, तर चुका लवकर दिसतील, असं आम्हाला वाटतं.

तोवर घरात एक काम उरकून घ्या. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी अशा ओबीसी जमातींतल्या बऱ्याच मुलांकडे फक्त राज्याच्या नमुन्यातला दाखला असतो. केंद्राच्या नोकरीला तो चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातला वेगळा ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो. आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने नोंदली आहे, तेही तपासा. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते, म्हणून सेतू केंद्रात आत्ताच अर्ज टाका.