रात्रपाळीची झोप आणि सामाईक भिंत

चंद्रपूर-बल्लारपूरच्या आसमंतातील कोळशाच्या खाणींत किंवा दुर्गापूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात रात्रपाळी आटोपून जो कामगार सकाळी घरी परततो, त्याच्या निद्रेचा प्रहर आणि शेजारच्या कुटुंबाच्या जागृतीचा प्रहर एकच असतो. आणि ओळीने जोडून उभ्या असलेल्या क्वार्टरांत त्या दोन कुटुंबांमधील अंतर म्हणजे साडेचार किंवा नऊ इंचांची एक सामाईक भिंत. शासनाने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे जे नियम जारी केले, त्यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा मुक्रर केलेली आहे. परंतु त्यांतील रात्र दहाला सुरू होऊन सहाला संपते, म्हणून दिवसा झोपणाऱ्याची दाद त्या कोष्टकात लागत नाही. त्याच्या झोपेचा बंदोबस्त भिंतीतच करावा लागतो, आणि तो करण्यास या मुलखातील माती, राख आणि बांबू पुरेसे समर्थ आहेत, असे माझे मत आहे.

हवेतील कंपने भिंतीवर आदळून तिला किंचित हालवितात आणि ती हालणारी भिंत पलीकडील हवेला हालविते; आवाजाचा प्रवास होतो तो असा. भिंत जितकी जड तितकी ती कमी हालते. हे तत्त्व लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात गणिताने मांडले आणि जर्मनीत बर्गर यांनी १९११ साली प्रयोगांनी पारखले. वजन दुप्पट केले असता अडणारा आवाज पाच-सहा डेसिबलनेच वाढतो. दोन्ही बाजूंना गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडविते आणि नऊ इंची भिंत सुमारे ५०. कानाला आवाज निम्मा वाटावयाचा तर घट मात्र १० डेसिबलची हवी. केवळ जाडी वाढवीत जाणे हा म्हणूनच खर्चिक आणि असमाधानकारक इलाज होय.

पण आपल्याकडील जुन्या कवेलूंच्या घरांत आणि पत्र्याच्या चाळींत खरा दोष बहुधा जाडीचा नसतोच. मधली भिंत तुळईच्या उंचीवर थांबते, तिच्यावर वाशांखाली मोकळी जागा राहते, आणि एका घरातील संभाषण भिंतीची तमा न बाळगता छपराखालून दुसऱ्या घरात उतरते. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट भोक असेल, तर बाकीची भिंत किल्ल्याच्या तटाइतकी जाड असली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. त्या भोकाचा दशांश उरला तरी मर्यादा ३० चीच. दोन्ही घरांनी पाठीला पाठ लावून कोरलेल्या देवळ्या, समोरासमोर बसविलेले विजेचे बोर्ड, नळासाठी पाडलेली आणि न बुजविलेली छिद्रे, ही सर्व याच जातीची. प्रथम ही भिंत छपराला भिडेपर्यंत विटांनी चढवावी, फटी मातीने वा चुन्याने लिंपाव्यात. मात्र या जिल्ह्यांत पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, आणि छपराखालची ती मोकळी जागा तप्त हवेची वाटही असते. ती बुजविताना बाहेरच्या भिंतीत वर झरोका ठेवण्याची तजवीज केली नाही, तर झोप आवाजाऐवजी उकाड्याने मोडेल.

विटांच्या निवडीतही हाच उष्णतेचा आणि ध्वनीचा कलह आहे. औष्णिक केंद्राच्या राखेपासून घडविलेली भरीव वीट वजनदार असते आणि आवाज चांगला अडविते. त्याच राखेपासून होणारा सच्छिद्र हलका ठोकळा उन्हाला उत्तम रोखतो, पण घनमीटरला साधारण सहाशे किलोच भरत असल्याने शेजाऱ्याचा आवाज सोडतो. माझ्या मते बाहेरच्या भिंतींना ठोकळा आणि मधल्या भिंतीला भरीव वीट, हीच वाटणी योग्य. फोमचे तक्ते किंवा अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याचा सल्ला मात्र सरसकट दिला जातो, तो चुकीचा आहे. १८९५ नंतर हार्वर्डमध्ये सॅबाइन यांनी आसनांच्या गाद्या सभागृहात आणून मांडल्या आणि खोलीतला घुमारा कमी होतो हे मोजून दाखविले. मऊ पदार्थ स्वतःच्या खोलीतला घुमारा शोषतात, पलीकडून येणारा आवाज ते जवळजवळ अडवीतच नाहीत.

खिडकीच्या चौकटीला घट्ट बांधलेल्या कूलरची थरथर आणि भिंतीलगतच्या उखळाचे घाव हे हवेतून न येता बांधकामातूनच धावतात. कूलर भिंतीपासून सुटा, स्वतःच्या स्टँडवर ठेवावा, उखळाखाली जाड रबर घालावे. खाणीतील सुरुंगाचा हादरा जमिनीतून येतो. त्याला घरात इलाज नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणीबाहेरील साध्या घरांसाठी, मंद कंपनांच्या बाबतीत, सेकंदाला ५ मिलिमीटर ही मर्यादा घातलेली आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे खाणीच्या कचेरीतच विचारावयास हवे.

इतके करूनही ज्याला अधिक शांतता हवी, त्याला गडचिरोलीच्या गावोगावी दिसणारा कूड सुचवावासा वाटतो. बांबूच्या कामट्यांचा तट्टा विणून त्याला दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप दिला की दोन इंची कूड चौरस मीटरला सुमारे ८० किलो भरतो. असा कूड मधल्या भिंतीपासून दोन इंच सुटा, तिला कोठेही न टेकविता, स्वतःच्या खांबांवर उभा केला, तर मधली हवा स्प्रिंगचे काम करते. अर्ध्या विटेच्या भिंतीबरोबर या जोडीचे स्वाभाविक कंपन गणिताने सेकंदाला ३५ च्या आसपास येते. माणसाच्या बोलण्याचे स्वर त्याच्या पुष्कळ वर असल्याने ते या दुहेरी भिंतीत, एकेरी भिंतीची जाडी दुप्पट करूनही साधणार नाहीत इतके क्षीण होतात. मध्ये एक खिळा जरी दोहोंना जोडून गेला, तरी लाभाचा मोठा भाग जातो. पोकळीत तणस भरू नये, वाळवी आणि आग दोन्हींचे भय असते. कुडाचा भार धावत्या मीटरला अडीचशे किलोंच्या घरात जातो, म्हणून वरच्या मजल्यावर अभियंत्याला विचारल्यावाचून हा प्रयोग करू नये. तळमजल्यावर हिवाळ्यात लेप द्यावा, तो वाळताना पडणाऱ्या चिरा पुन्हा लिंपाव्यात, आणि कूड जेथे जमिनीला व छपराला मिळतो तेथील सांधा दर पावसाळ्यानंतर तपासावा.