पुरावा नको, कळवणं पुरे

ऑगस्ट 2024मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण पेटलं, तेव्हा संपादकांनी विचारलं, आपल्या नांदेड-लातुरात असं काही घडलं तर सांगणार कोण आणि कुणाला? त्या प्रश्नापायी मी 1098 या चार आकड्यांपाशी पोचलो.

दहा-नऊ-आठ. लेकरांच्या तोंडी बसावा असा हा नंबर. 1996मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ही हेल्पलाइन सुरू झाली. फोन फुकट, रात्रंदिवस चालू. 2023मध्ये ती सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे गेली आणि 112शी जोडली गेली. इतिहास एवढा पुरे, कारण मला अडकवून ठेवलं ते या फोनमागच्या कायद्याने.

लेकरांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012पासून लागू आहे. त्याचं कलम 19 मी पुनःपुन्हा वाचलं. लेकरावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवलंच पाहिजे. हे बंधन शिक्षकावर आहे, डॉक्टरवर आहे, शेजाऱ्यावर आणि सख्ख्या मावशीवरही आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं, तर कैद एक वर्षापर्यंत. मात्र चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल खटला चालत नाही. खरंखोटं करायचं काम पोलिसांचं. त्यांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तोही वर्दीत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. दिल्लीत बसून कुणीतरी लेकराच्या उंचीवरून विचार केला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही या आरोपावरून. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं.

पण नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड-कंधारच्या तांड्यावर या कलम 19चं ओझं कोण उचलतं? दिवाळीनंतर मायबाप ऊसतोडीला जातात. लेकरं आजीजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. मग रोज त्यांच्याकडे निरखून पाहणारी उरते अंगणवाडीताई, आणि गुरुजी. बोलकं लेकरू अचानक गप्प होतं. एखाद्या घरी जायचं म्हटलं की रडतं. पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. बसताना कळवळतं. कुठून आले ते न सांगता पैसे, खाऊ आणतं. यातली एकच खूण दिसली म्हणून अत्याचार झालाच असं नाही, पण मायेने, धीराने चौकशी करायला ती पुरेशी आहे. खोदून खोदून विचारायचं नाही, चारचौघांत तर नाहीच. जेवढं सांगेल तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं.

खरी अडचण पुढे आहे. गावात आरोपी बहुतेक ओळखीचाच असतो, कधी घरातलाच, कधी ज्याच्याकडून उचल घेतली तो मुकादम. मग बैठक बसते, मिटवून घ्या म्हणतात, पोरीचं लग्न कसं जमेल म्हणतात. ताईला त्याच गल्लीत राहायचं असतं, तुटपुंज्या मानधनावर. लातूरच्या ट्यूशन एरियात, म्हणजे शिकवणीवर्गांच्या भागात, चित्र वेगळं, पण भीती तीच. घरापासून दूर खासगी वसतिगृहात राहणारं पोर त्रास सांगायला घाबरतं, कारण बाप म्हणेल, बॅग भर आणि गावाकडं ये. प्रकरण कोर्टात गेलं, तर पॉक्सोचं कलम 35 म्हणतं, खटला शक्यतो वर्षात संपवा. पण तारखा लांबल्या की आधी साक्षीदार खचतो, मग घर.

म्हणून माझी मागणी एकच. कळवणाऱ्या ताईला, गुरुजींना एकटं सोडू नका. ग्रामसभेने त्यांच्यामागे उभं राहावं, शाळेने आणि वसतिगृहाने 1098 दारावर मोठ्या अक्षरांत रंगवावा. आणि वाचकहो, शंका आली तर खात्री होण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी 1098 किंवा 112 लावा.